ट्रिगरवर खापर फोडणं थांबवा

पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर गेल्या काही वर्षांत एक मत इतकं घट्ट बसलं आहे, की त्याच्याविरुद्ध बोलणारा माणूस जुनाट ठरतो. मत असं : पिस्तुलाचं सगळं मर्म ट्रिगरमध्ये आहे. ट्रिगर जितका हलका, तितका नेम अचूक. गोळी सुटल्यावर ट्रिगर जितक्या कमी अंतरावर पुन्हा पकड घेतो, म्हणजे रीसेट जितका आखूड, तितका नेमबाज वेगवान. गोळी सुटली की बोट मागेच दाबून धरायचं, मग हळूहळू सैल सोडायचं, ‘टक्’ असा आवाज आला की थांबायचं आणि तिथूनच पुढची गोळी मारायची. खरं तंत्र हेच, बाकीचं कालबाह्य. आणि या सगळ्याचा शेवट ठरलेला : गोळ्या खाली डावीकडे जायला लागल्या, की आधी पिस्तूल कारागिराकडे न्यायचं.

हे मत चूक आहे. तपशिलात नव्हे, मुळात चूक आहे. आणि ते निरुपद्रवी असतं, तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण त्याची किंमत मुलं मोजतात. कोल्हापूर, पुणे, नाशिकच्या घराघरांतून मुलं-मुली या खेळात येतात. परदेशी पिस्तूल लाखांच्या घरात जातं, गोळ्या महाग, परवान्यासाठी खेटे वेगळे. अशा घरातल्या बापाला कुणीतरी अधिकारवाणीने सांगतं, की पोरीचा स्कोअर अडलाय तो ट्रिगरमुळे. नवा ट्रिगर संच घ्या, नाहीतर पिस्तूलच बदला. बाप कर्ज काढतो. महिन्याभराने गोळ्या पुन्हा त्याच कोपऱ्यात जातात. त्या मुलीने मग कुणाला विचारायचं?

आधी हा रीसेट म्हणजे काय, ते नीट पाहू. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी सुटली की स्लाइड किंवा बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो, नवं काडतूस नळीत सारतो. या अवधीत बोट ट्रिगरवर दाबलेलंच असतं. तरी दुसरी गोळी सुटू नये म्हणून आत एक तुकडा ट्रिगर आणि सियर (हातोडा अडवून धरणारा खटका) यांचा संबंध तोडून टाकतो; त्याला डिसकनेक्टर म्हणतात. जॉन ब्राउनिंगचं पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलं, त्यातही तो होता. बोट पुरेसं सैल झालं की तुटलेला संबंध पुन्हा जुळतो. तोच रीसेट. म्हणजे एका दाबाला एकच गोळी सुटावी, यासाठी यंत्राने केलेली ही व्यवस्था आहे. ती नेमबाजासाठी दिलेला इशारा नाही, लय नाही, तंत्र तर नाहीच. यंत्राच्या आतल्या एका जोडणीच्या आवाजावर आपण नेमबाजीचं शिक्षण उभं करतो आहोत, हे कुणाला खटकत कसं नाही?

आता ज्या प्रकारात आपल्या मुली खेळतात, तो २५ मीटर पिस्तूल प्रकार घेऊ. पात्रता फेरीत ६० गोळ्या. पहिल्या ३० प्रिसिजनच्या : पाच-पाच गोळ्यांच्या सहा मालिका, प्रत्येक मालिकेला पाच मिनिटं. पुढच्या ३० रॅपिडच्या : हात ४५ अंशांत खाली, लक्ष्य तीन सेकंद खुलं, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी, मग सात सेकंद थांबायचं, हात पुन्हा खाली. अंतिम फेरीतही तेच तीन आणि सात सेकंद. आता सांगा, या सबंध स्पर्धेत आखूड रीसेटचा फायदा नेमका कोणत्या क्षणी मिळतो? प्रिसिजनमध्ये एका गोळीला सरासरी मिनिट मिळतं. रॅपिडमध्ये दोन गोळ्यांच्या मध्ये हात खाली जाऊन पुन्हा वर येतो. रीसेट दोन मिलिमीटरचा असो की सहा, सात सेकंदांत तो कुणाचाही होतो. तरीही याच प्रकारात उतरणाऱ्या मुलींना रीसेट मोजायला लावलं जातं, त्यावर तासन्‌तास सराव घेतला जातो. ज्या गोष्टीला त्यांच्या स्पर्धेत एका गुणाचंही मोल नाही, तिच्यापायी त्यांचा वेळ आणि गोळ्यांचा कोटा संपतो.

‘मग मुलांच्या रॅपिड फायरचं काय?’ हा पुढचा युक्तिवाद. तिथे पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा आणि शेवटी चार. तिथे तरी रीसेट पकडून मारणं कामाचं असेल ना? हिशेब करून बघा. पिस्तुलाचा बोल्ट मागे जाऊन पुढे येतो तो सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात. याउलट माणसाने आवाज ऐकून किंवा बोटाला धक्का जाणवून हालचाल करायची, तर त्याला सेकंदाचा सातवा ते पाचवा भाग लागतो. चार सेकंदांच्या मालिकेत गोळ्यांमध्ये अंतरं चार. प्रत्येक वेळी ‘टक्’ची वाट पाहिली, तर अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ नुसतं ऐकण्यात जातो. हात ४५ अंशांतून वर आणून पहिली गोळी मारण्यात मालिकेचा मोठा भाग आधीच खर्च झालेला असतो, उरलेल्या प्रत्येक गोळीच्या वाट्याला अर्धा सेकंद येतो. त्यातला चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त आवाजाची वाट पाहण्यात घालवा, असं शिकवणाऱ्याला वेगाबद्दल बोलायचा अधिकार काय?

यावर उत्तर मिळतं, की सरावाने आवाज ऐकावा लागत नाही, बोटाला आपोआप कळतं. मग प्रश्नच मिटला. बोट आपोआप सैल होऊन आपोआप दाबत असेल, तर नेमबाज रीसेट पकडत नाहीये. तो ट्रिगर सोडतोय आणि दाबतोय, जसा प्रत्येक चांगला नेमबाज पूर्वीपासून करत आला. मग मधला तो ‘टक्’ शिकवायचा कशाला? शिवाय याचा एक धोका कुणी मुलांना सांगत नाही. बोटाला कमीत कमी अंतरावर थांबायची सवय लावली, की दडपणाखाली ते अंतर आणखी कमी होतं. घामेजलेलं, आखडलेलं बोट पुरेसं पुढे येतच नाही. ट्रिगर मेलेला राहतो, नेमबाज दाबत राहतो, लक्ष्य वळून जातं. चार सेकंदांत एक गोळी सुटलीच नाही, तर दहा गुण गेले. बोट मोकळं सोडणाऱ्याला ही आफत येत नाही.

वेग आणि रीसेट यांचं नातं जोडणाऱ्यांनी रिव्हॉल्व्हरकडे एकदा बघावं. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगर लांब, जड. प्रत्येक गोळीनंतर तो पार पुढे येऊ द्यावा लागतो. अर्ध्या वाटेवर पकडायची सोयच नाही. तरीही अमेरिकेतल्या एड मॅकगिव्हर्नने १९३२ मध्ये अशा रिव्हॉल्व्हरमधून पाच गोळ्या अर्ध्या सेकंदाच्या आत मारल्या, त्याही एका तळहाताखाली झाकता येतील इतक्या जवळजवळ. जेरी मिक्युलेकने १९९९ मध्ये आठ गोळ्या एका सेकंदात मारल्या. दोघांच्या हातात होता तो ट्रिगर आपल्या रेंजवरच्या मताप्रमाणे सगळ्यात वाईट ट्रिगर. आखूड रीसेटशिवाय वेग येत नसेल, तर ही माणसं काय करत होती? ती बोट पूर्ण सोडत होती, पूर्ण दाबत होती, आणि दाबताना हत्यार हलू देत नव्हती.

आता हलक्या ट्रिगरची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो. दहा मीटर एअर पिस्तुलात ट्रिगरचं किमान वजन ५०० ग्रॅम असतं, २५ मीटरमध्ये १००० ग्रॅम. नळी उभी धरून ट्रिगरला तेवढं वजन टांगतात. ते उचललं गेलं पाहिजे, तोवर ट्रिगर सुटता कामा नये. एअर पिस्तुलातून आलेल्या मुलांना हे वजन दुप्पट लागतं आणि ती घाबरतात. त्यांना सांगायला हवं, की पुढच्या काही महिन्यांत बोट या वजनाला सरावेल. त्याऐवजी त्यांना स्क्रू फिरवायला शिकवलं जातं, ट्रिगर अगदी १००० च्या काठावर आणून ठेवला जातो. काठावरचा ट्रिगर तपासणीत कधीही दगा देऊ शकतो. त्या भीतीसकट मूल लेनवर उभं राहतं.

वजनाने एवढा फरक पडत असता, तर पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली मनू भाकरने काय केलं ते समजावून सांगा. २८ जुलैला दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्य, ३० जुलैला सरबज्योत सिंगबरोबर मिश्र प्रकारात कांस्य, आणि ३ ऑगस्टला २५ मीटरमध्ये चौथं स्थान, तेही पदकाच्या उंबरठ्यावर. तेच बोट, आठवड्याच्या आत दोन वेगळी वजनं. याहून मोठा पुरावा खुद्द खेळाच्या नियमांत आहे. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात पूर्वी .२२ शॉर्ट काडतुसांची खास पिस्तुलं आणि अतिशय हलके ट्रिगर चालत. २००५ पासून नियम बदलला : .२२ लाँग रायफल काडतूस, आणि ट्रिगर किमान १००० ग्रॅम. हलका ट्रिगर हाच कौशल्याचा पाया असता, तर त्या दिवशी जुने विजेते संपायला हवे होते. जर्मनीच्या राल्फ शूमानने जुन्या पिस्तुलाने १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णं घेतली होती. नवा नियम आल्यावर २००८ मध्ये बीजिंगला त्याने रौप्य जिंकलं. ट्रिगर गेला, माणूस राहिला.

आणि कारोली टाकाच. हंगेरीचा हा सैनिक उजव्या हाताने मारत असे. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून तो हात निकामी झाला. बोटात वर्षानुवर्षं मुरलेली ट्रिगरची सगळी जाण त्या हातासोबत गेली. त्याने डाव्या हाताने पुन्हा शून्यापासून सुरुवात केली आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत रॅपिड फायरचं सुवर्ण घेतलं. ट्रिगरची जाण पिस्तुलात असते, असं म्हणणाऱ्यांनी या माणसाचं उत्तर द्यावं. ती बोटात असते, आणि दुसऱ्या हाताच्या बोटातही नव्याने घडवता येते.

मग गोळी चुकते कशाने? २५ मीटर पिस्तुलात मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असतं. दोन्ही साइट एकमेकींच्या सापेक्ष एक मिलिमीटरने सरकल्या, तर गोळी लक्ष्यावर सुमारे ११ सेंटिमीटर बाजूला जाते. प्रिसिजनच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे एका मिलिमीटरने दहाचे सहा होतात. हा एक मिलिमीटर येतो कुठून? ट्रिगर दाबताना फक्त तर्जनी हलायला हवी. न सरावलेल्या हातात चारही बोटं एकदम आवळतात, गाईची धार काढताना पंजा आवळतो तशी, आणि नळी खाली डावीकडे झुकते. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या त्या कोपऱ्यात का जातात, याचं उत्तर एवढंच आहे. हजार ग्रॅमचा ट्रिगर, चौदाशे ग्रॅमपर्यंतचं पिस्तूल. हाताने नळीच्या रेषेत सरळ मागे दाबलं, तर हजार ग्रॅम जड नाहीत. तिरकं दाबलं, तर पाचशेही भारी पडतात. दिशा चुकते आहे आणि आपण वजन कमी करत बसलो आहोत.

धक्क्याची धास्ती हे दुसरं कारण. गोळी सुटणार, हे मेंदूला आधी कळतं आणि मनगट आधीच खाली ढकललं जातं. ते पकडायचा उपाय जुना आणि फुकट आहे. प्रशिक्षकाने नेमबाजाला न सांगता मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मध्ये एक डमी काडतूस घालायचं. डमी आली, ट्रिगर सुटला, धक्का आलाच नाही. पण पिस्तुलाचं नाक खाली गेलं. ते सगळ्यांना दिसतं, नेमबाजाला सगळ्यात आधी. त्या क्षणी ट्रिगरला दोष देता येत नाही. बहुधा म्हणूनच हा सराव रेंजवर आता क्वचित दिसतो.

माझ्या विरोधकांकडे एक उदाहरण आहे, त्याला टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. न्यूयॉर्क पोलिसांनी अर्धस्वयंचलित पिस्तुलं घेतली, तेव्हा रिव्हॉल्व्हरला सरावलेल्या हातून चुकून गोळी सुटू नये म्हणून त्यांत पाच किलोहून जड ट्रिगर बसवले. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या आणि नऊ वाटसरू जखमी झाले. जड ट्रिगरवर खूप टीका झाली. पाच किलो हा जुलूम आहे, हे मान्य. पण या उदाहरणाने सिद्ध काय होतं? प्रशिक्षणाची उणीव ट्रिगर बदलून भरून काढायला गेलं की काय होतं, ते. तिथे ट्रिगर जड करून भरली, इथे आपण हलका करून भरतो आहोत. चूक एकच आहे.

आणि हे रीसेटचं शास्त्र आलं तरी कुठून? पोलीस आणि स्वसंरक्षणाच्या अमेरिकी प्रशिक्षणातून, ग्लॉकसारख्या पिस्तुलांसोबत. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये घेतलं. त्याचा ट्रिगर सुमारे साडेबारा मिलिमीटर प्रवास करतो, वजन अडीच किलोच्या आसपास, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाच्या कितीतरी पट. बोट मध्येच थांबवलं की स्पष्ट ‘टक्’ लागतो. मोठ्या वर्गाला एकदम शिकवायला तो सोयीचा होता, कारण ऐकू येतो, तपासता येतो. आपल्या २५ मीटरच्या पिस्तुलांचा ट्रिगर दोन टप्प्यांचा, काटेकोर, सेकंड स्टेजला काचेसारखा तुटणारा. त्या वर्गाची पद्धत या पिस्तुलाला लावायचं कारण काय? तिकडेही चांगल्या नेमबाजांनी ती केव्हाच मागे टाकली आहे. एकच गोष्ट त्या पद्धतीच्या बाजूने मानतो : अगदी सुरुवातीला, संथ सरावात, गोळी सुटल्यावर बोट क्षणभर मागे धरायला सांगितलं तर मूल ट्रिगरवरून बोट उडवायचं थांबतं. त्या पलीकडे नाही. गोळी नळीबाहेर पडायला सियर सुटल्यापासून सेकंदाचे काही हजारावे भाग लागतात. त्यानंतर बोट कुठे आहे, याचा त्या गोळीशी संबंध उरत नाही. फॉलो थ्रू म्हणजे डोळा साइटवर राहणं आणि मनगट जागचं न हलणं.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये पालेंबांगला २५ मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्ण घेतलं; आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ अशी बरोबरी, शूट-ऑफमध्येही बरोबरी, आणि निकाल लागला तो दुसऱ्या शूट-ऑफमध्ये. आधी तिने हाताच्या दुखापतीतून परत येण्यात मोठा काळ घालवला होता. तिच्या त्या वेळच्या प्रशिक्षक मुंखबयार दोर्जसुरेन यांनी १९९२ मध्ये मंगोलियासाठी आणि सोळा वर्षांनी, २००८ मध्ये जर्मनीसाठी याच प्रकारात ऑलिम्पिक कांस्य जिंकलं होतं. सोळा वर्षांत पिस्तुलं बदलतात, ग्रिप बदलतात, देशसुद्धा बदलला. त्यांच्यासोबत दोन्ही वेळा होतं ते बोट आणि डोळा. शूट-ऑफच्या त्या तीन सेकंदांत, हात वर येत असताना फर्स्ट स्टेज घेऊन ठेवणं आणि साइट काळ्यावर येताच दाब न तोडता पूर्ण करणं, हे राहीला कोणत्या ट्रिगर संचाने दिलं असतं?

या कामासाठी लागणारा सराव घरी, भिंतीसमोर होतो. गोळी लागत नाही, रेंजचं भाडं लागत नाही. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासून, ड्राय फायरची सोय असेल ती वापरून किंवा डमी काडतूस घालून, कोऱ्या भिंतीकडे नेम न धरता नुसती साइट बघत ट्रिगर दाबायचा. सियर सुटला त्या क्षणी पुढची साइट हलली का? हलली असेल तर का हलली? रोज, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यानंतरही. हे कुणी विकत घेऊ शकत नाही, म्हणून कुणी विकत नाही, आणि म्हणून याबद्दल कुणी बोलत नाही. रीसेटबद्दल मात्र सगळे बोलतात.

तर प्रशिक्षकांना माझं सांगणं स्पष्ट आहे. पुढच्या वेळी एखादी मुलगी तुमच्याकडे येऊन म्हणाली, की सर, माझा ट्रिगर खराब आहे, तेव्हा अ‍ॅलन की हातात घेऊ नका. तिच्या मॅगझिनमध्ये एक डमी घाला आणि पाच गोळ्या मारायला सांगा. नाक खाली गेलं, तर तिला भिंतीसमोर उभं करा आणि महिनाभर तिच्या वडिलांकडून एक रुपयाचाही सुटा भाग मागवू नका. डमीवरही साइट जागच्या जागी राहिली आणि गोळ्या तरी चुकल्या, तर मग पिस्तूल उघडा. त्याआधी नाही.